हळद लावलेली रांग

त्या घराला शेजार नव्हता. मराठी माणसाला एवढं सांगितलं की पुरतं, पण माझ्या मुलाला सांगायला गेले तर तो म्हणतो, "मग काय झालं? प्रायव्हसी होती ना?" प्रायव्हसी भरपूर होती. त्याआधी आम्ही ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किलला भाड्याने राहायचो. तिथे भिंतीपलीकडे फिजीहून आलेलं मोठं कुटुंब होतं, समोर पुण्याच्याच एक काकू होत्या, आणि कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे तिथल्या वाण्याच्या दुकानात, पाव आणायला गेलं तरी दोन ओळखीची माणसं भेटून परत यायला उशीर व्हायचा. मग बाबांना हॅमिल्टनला एका दूध कंपनीत कॉम्प्युटरचं काम मिळालं आणि आम्ही शहराबाहेरच्या एका पर्सिमनच्या बागेतल्या जुन्या घरात राहायला गेलो. पर्सिमन म्हणजे टोमॅटोसारखं दिसणारं आणि सफरचंदासारखं कडक खाता येणारं केशरी फळ. त्या बागेला वारा लागू नये म्हणून चारही बाजूंनी उंच झाडांच्या भिंती होत्या. वारा अडायचा, पण रस्ताही दिसायचा नाही, गाडी आली-गेली तरी कळायचं नाही. मी नुकतीच हायस्कूलला जायला लागले होते. शाळेची बस मला फाटकाशी सोडायची आणि मी त्या हिरव्या भिंतीतून आत शिरले की दुसऱ्या सकाळपर्यंत जग बंद.

आम्ही गेलो तेव्हा हिवाळा होता. झाडांवर पान नव्हतं. घरातला फ्रिज घरघरायचा, छपरावर पाऊस वाजायचा, आणि लांब शेडमध्ये बॅरीचा रेडिओ चालू असायचा. बॅरी म्हणजे बागेचा मालक. एकटा, साठीच्या पुढचा, गुडघे दुखणारा. त्याची बायको गेल्यापासून तो रेडिओ कधी बंद करत नसे असं त्यानंच एकदा सांगितलं. या सगळ्यात माणसाचा म्हणावा असा एकच आवाज होता, तो म्हणजे संध्याकाळी आई भाकरी थापायची तो. ऑकलंडहून ज्वारीचं पीठ आणून ठेवलेलं असायचं, त्याची भाकरी, वांग्याची भाजी नाहीतर पिठलं, आणि बाटलीत जपून ठेवलेला ठेचा. मी स्वयंपाकघरात टेबलाशी अभ्यास करत बसायचे. अभ्यास कसला, तो थापण्याचा आवाज थांबू नये म्हणून मी तिथे बसायचे. आता माझ्या घरात भाकरी होत नाही. पीठ मिळतं, पण माझा हात बसलेला नाही, आणि या वयात तो बसेल असंही वाटत नाही.

आई निफाडकडच्या द्राक्षाच्या बागेत वाढली. शेतकी कॉलेजची पदवी घेतली आणि लग्न करून पुण्यात चौथ्या मजल्यावर राहायला आली. तिथून थेट न्यूझीलंड. तिची पदवी इथे कुणी विचारली नाही. ऑकलंडमध्ये ती एका दुकानात कपड्यांच्या घड्या घालायची आणि घरी येऊन बाबांना म्हणायची, "घड्या घालायला मला कुणी शिकवलं नव्हतं, बघ, किती हुशार आहे मी." तिची जीभ तिखट होती. बाबा त्यावर हसायचे आणि विषय बदलायचे. बाबा वाईट माणूस मुळीच नव्हते, पण घरातली कुठलीही गोष्ट थोडा वेळ तशीच सोडली की आपोआप मिटते यावर त्यांचा फार विश्वास होता.

वसंतात झाडांना कोवळी पानं आली आणि पानांच्या बगलेत हिरव्या, चौकोनी कळ्या दिसायला लागल्या. बॅरीला विरळणीसाठी माणसं हवी होती. विरळणी म्हणजे जास्तीच्या कळ्या खुडायच्या, एका काडीवर एक, फार तर दोन ठेवायच्या, म्हणजे राहिलेल्या फळाला सगळं पोषण मिळून ते मोठं होतं. आई गेली. शनिवारी मीही गेले. पहिल्या तासाभरात बॅरीनं आपली शिडी खाली ठेवली आणि नुसता तिच्या हातांकडे बघत राहिला. तिची बोटं काडीवरून फिरायची आणि कळ्या टपटप गवतात पडायच्या. खाली वळलेली कळी ठेवायची, वर तोंड केलेली काढायची, पानाआड असेल ती ठेवायची, हे सगळं ती न थांबता करत होती, आणि गुणगुणत होती. मी माझ्या आईला गुणगुणताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

चहाच्या वेळी बॅरीनं त्याचं दुखणं सांगितलं. कळ्या कितीही नीट राखा, फुलं गळून फळ धरलं की ख्रिसमसच्या सुमाराला ते बोराएवढं असतानाच गळायला लागतं. "हीप्स," तो म्हणाला, म्हणजे ढीगच्या ढीग. "झाडाखाली चालता येत नाही. आणि उरतं त्याला साइझ नाही." लांबच्या एका बागवाल्यानं पर्सिमन उपटून किवीफ्रूट लावलं होतं आणि हाही त्याच विचारात होता.

आईनं कप खाली ठेवला. "गर्डलिंग केलंत का कधी?"

बॅरीनं ऐकलेलं होतं, केलेलं नव्हतं. खोडाभोवती सालीची बारीक कडी काढून टाकायची, हे त्याला भीतीचं वाटत होतं. झाडं त्याच्या बायकोनं लावलेली होती आणि त्यांना सुरी लावायला त्याचा हात होत नव्हता. आईनं त्याला तिच्या इंग्रजीत समजावलं. पानं स्वयंपाक करतात, तो सालीतून खाली मुळांकडे जातो. थोडे दिवस ती वाट बंद केली की सगळं वरच्या वर फळांना मिळतं, फळ उपाशी राहत नाही म्हणून गळत नाही. मग साल भरून येते आणि मुळांचंही सुरू होतं. "आमच्याकडे द्राक्षाला करतात. माझ्या वडिलांनी जन्मभर केलं." बॅरी बराच वेळ दाढी खाजवत बसला. शेवटी त्यानं तिला एक रांग दिली, पश्चिमेच्या उंच झाडांच्या सावलीतली, बागेतली सगळ्यात वाईट.

नाना, म्हणजे आईचे वडील, त्या वर्षी अर्धांगानं अंथरुणावर होते. रविवारी स्काइपवर त्यांचा चेहरा यायचा, अर्धा हसरा आणि अर्धा तसाच. त्यांची बाग बघायला कुणी नव्हतं. मामा मुंबईत होता, त्याला वेली काढून जमीन मोकळी करायची होती. आईनं रांगेची गोष्ट सांगितली तेव्हा नानांचा चांगला डोळा चमकला.

"त्या पारशी फळाची साल जाड असंल गं," ते एकेक शब्द ओढत म्हणाले. पर्सिमनचं त्यांनी पारशी करून टाकलं होतं. "पट्टा बारीक काढ. गव्हाच्या दाण्यावढा. जास्ती काढशील तं भरून यायचा नाही."

"हात राहिलाय का माझा, नाना?"

"ते मी इथून कसं सांगू? करून बघ."

त्याच संध्याकाळी भाकरी थापता थापता आई बाबांना म्हणाली, "ही रांग धरली ना, तर माझं इथलं काम झालं म्हणायचं." बाबा ताटं मांडायला लागले. मी मात्र टेबलाशी बसून मनातल्या मनात नाचले. माझं मराठी तेव्हा ऐकण्यापुरतं होतं, उत्तर मी इंग्रजीत द्यायचे, आणि आमच्या घरात 'काम झालं' हे शब्द फक्त आनंदाच्या बातमीला यायचे. व्हिसाचं काम झालं. बाबांच्या नोकरीचं काम झालं. तेव्हा आईचं इथलं काम झालं म्हणजे आई इथे लागली, रुळली, आता ती खिडकीत उभी राहून बाहेर बघत बसणार नाही, असा मी अर्थ लावला. ती निघून जाईल ही भीती मला माउंट रॉस्किलपासून होती, कुणी काही बोललं नव्हतं तरी. म्हणून मी ठरवलं की ही रांग धरली पाहिजे. हे वाक्य दुसऱ्या बाजूनंही वाचता येतं, तुम्ही वाचलंही असेल. बाबांनी वाचलं होतं. मला मात्र तशी शंकासुद्धा आली नाही, आणि पुढचे कितीतरी महिने मी त्या फळांसाठी देव पाण्यात घालून बसले.

फुलं उमलली तेव्हा आम्ही दोघींनी कामाला हात घातला. बॅरीची वाकड्या पात्याची सुरी आईनं दगडावर घासून घेतली. ती गुडघ्यावर बसायची, खोडावरून तळवा फिरवायची, वरून एक चीर, खाली तिला समांतर दुसरी, आणि मधली साल टोकानं उचलून अलगद सोलून काढायची. आतलं ओलं, पांढरट लाकूड उघडं पडायचं. मला ते बघवेना. मी म्हणाले, "इट लुक्स सोअर." आई हसली, पण तिलाही तसंच वाटत असणार. कारण घरी द्राक्षाच्या जखमेला लावायची पेस्ट असायची ती इथे नव्हती, आणि जखम उघडी ठेवून जायला तिचं मन घेईना. मग तिनं जे कुठलीही मराठी आई करेल ते केलं. घरात जाऊन हळदीचा डबा आणला, वाटीत तेल घेतलं, हळद कालवली आणि बोटानं एकेका झाडाला लावायला लागली. मी वाटी धरून मागे. संध्याकाळी रांगेच्या टोकाशी उभं राहून पाहिलं तर सगळ्या झाडांच्या गुडघ्याला पिवळाजर्द पट्टा. आई म्हणाली, "लग्नाला उभी केल्यासारखी दिसतायत." आणि आम्ही दोघी खूप हसलो. त्या बागेत आम्ही एवढ्या मोठ्यानं हसलो त्याची ती एकच आठवण माझ्याकडे आहे.

बॅरीला हे दाखवायचं राहून गेलं. गुडघ्याच्या तपासण्यांसाठी तो लेकीकडे गेला होता. आणि आम्हाला हे माहीत नव्हतं की जाण्याआधी त्यानं चरापाशी मुळं कुजलेल्या काही झाडांवर पिवळ्या रंगाचे फवारे मारून ठेवले होते, आणि झाडं तोडणाऱ्या माणसाला फोनवर सांगितलं होतं की सवडीनं ये आणि पिवळी खूण असेल ती काढून टाक.

तो आला त्या दिवशी शाळेत टीचर ओन्ली डे होता, म्हणजे शाळा फक्त शिक्षकांपुरती, म्हणून मी घरी होते. आईची गाडी चालवायची परीक्षा होती, बाबा तिला घेऊन हॅमिल्टनला गेले होते. करवतीचा आवाज आला तेव्हा मी नूडल्स खात होते. आवाज लांबचा असेल असं वाटलं. मग तो थांबला आणि काहीतरी मोठं, पानांसकट जमिनीवर आदळल्याचा आवाज आला, आणि तो लांबचा नव्हता. मी जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून पळत सुटले, एक वाटेतच राहिली. पश्चिमेच्या कोपऱ्यात पोचले तर नारिंगी जाकीट घातलेला एक आडदांड माणूस आमच्या रांगेतल्या पुढच्या झाडाशी वाकलेला होता. त्याच्या मागे रांगेचा जवळजवळ अर्धा भाग आडवा पडला होता. फुलं अजून ताजी होती, त्यांच्यावर मधमाश्याही होत्या.

मी ओरडले, पण त्यानं कानाला ते मोठे मफ लावलेले. मी जाऊन झाडाला मिठी मारली तेव्हा तो दचकून मागे झाला आणि त्यानं करवत बंद केली.

"काय करतेस तू? मेली असतीस!"

"ही नाही," मी रडत इंग्रजीत म्हणाले, "ही झाडं नाहीत. तो रंग नाही. ती हळद आहे."

"ती काय आहे?"

"हळद. औषध आहे. माझ्या आईनं लावलंय. झाडाला लागलंय म्हणून."

त्यानं हातमोजा काढला, पट्ट्यावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. "करीसारखा वास येतोय," तो म्हणाला. मग त्यानं मागे वळून पडलेल्या झाडांकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढून धरली. "ओ, नो," तो म्हणाला. "ओ, नो, लव्ह." तो घाबरून तिथेच गवतात बसला. आई-बाबा येईपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून होतो. त्यानं मला त्याच्या डब्यातलं अर्धं सँडविच दिलं आणि मी ते खाल्लं.

आई परीक्षा पास होऊन आली होती. स्वतः गाडी चालवत आली, येताना केक घेऊन आली. तिला कुणी काही सांगावं लागलं नाही. ती रांगेत शिरली, पहिल्या बुंध्याशी थांबली, मग दुसऱ्या. जिथे पट्टा काढला होता त्याच्या जरा वरून कापलेलं होतं, हळद तशीच होती. तो माणूस पुन्हा पुन्हा माफी मागत होता, बॅरीचाही फोन आला आणि तोही मागत होता. आई सगळ्यांना म्हणाली, "इट्स ओके. नो, नो, स्वीट ॲज." 'चालतंय, काही नाही' अशा अर्थाचा हा इथल्या पोरांचा शब्द तिला आवडत नसे. मी बोलले की ती माझी नक्कल करायची. त्या दिवशी तिला दुसरा काही सुचला नसावा. मला मात्र तिचा राग आला. मला वाटत होतं तिनं ओरडावं, त्या माणसाला चार शब्द सुनवावेत, आणि ती आपली सगळ्यांना समजावत होती. रात्रीचं जेवण बाबांनी केलं, खिचडी. केक कुणी कापला नाही. भाकरीचा आवाज पुढे कितीतरी दिवस आला नाही.

उरलेली झाडं माझी झाली. शाळेतून आले की दप्तर टाकून मी आधी तिथे जायचे. आई फारशी यायची नाही, जणू तिनं रांग सोडून दिली होती. फुलं सुकली, त्यांच्या जागी हिरवी, चपटी फळं दिसायला लागली. डिसेंबरच्या मध्याला गळ सुरू झाली आणि बॅरी म्हणाला होता तसंच झालं. बाकीच्या बागेत झाडांखाली फळांचा सडा, पायाखाली कचकच वाजायचा. आमच्या झाडांखाली मात्र अधूनमधून एखाददुसरं दिसायचं. तेही मी उचलून शेजारच्या रांगेत फेकून द्यायचे. शेवटी एका रविवारी मी आईला हाताला धरून ओढत नेलं. ती झाडाखाली उभी राहिली, वर पाहिलं, फांदी खाली ओढून फळ दोन बोटांत धरून हलकेच वळवलं. ते घट्ट होतं. मग तिनं दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं. खोडाशी बसून सालीच्या कडीवरून अंगठा फिरवला. कडी दोन्ही बाजूंनी भरून येत होती, मध्ये फक्त एक रेघ उरली होती. "राहिलाय," ती म्हणाली. मला वाटलं ती फळांबद्दल बोलतेय आणि व्याकरण चुकतेय. आई व्याकरण चुकत नसे.

त्या उन्हाळ्यात, म्हणजे इथल्या डिसेंबर-जानेवारीत, आई पुन्हा गुणगुणायला लागली आणि मी सुखात होते. शाळेला सुट्टी होती. बागेत आम्ही दोघीच असायचो, दुपारी शेडच्या सावलीत दहीभात खायचो, आणि ती मला काहीबाही शिकवायची. पाणी एकदम तोडायचं नाही नि एकदम सोडायचं नाही. दाट फांद्या उन्हाळ्यातच थोड्या काढायच्या, फळावर ऊन यायला हवं. मला त्यात फार रस नव्हता. ती बोलत होती एवढ्यात मला रस होता. मला मैत्रिणी नव्हत्या हे मी अजून सांगितलं नाही, सांगण्यासारखं त्यात काही नाही. बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामी असायची आणि मी तिथे दप्तर ठेवायचे, म्हणजे ती मीच अडवली आहे असं दिसायचं.

पानं लाल झाली, फळं केशरी झाली, पाखरं हाकलायची गॅसची तोफ दिवसभर धडधडायला लागली. तोडणीच्या दिवशी बॅरी काठी टेकत आला. त्यानं आमच्या रांगेतलं एक फळ आणि शेजारच्या रांगेतलं एक फळ दोन तळव्यांवर ठेवून पाहिलं. एक तळवा भरून वर आलेलं होतं, दुसरं त्याच्यापुढे पोरगेलं दिसत होतं. मग त्यानं ते मोठं फळ बागेकडे करून थोडा वेळ तसंच धरलं, बहुतेक कुणाला तरी दाखवत होता. मग आईला म्हणाला, किवीफ्रूट राहू दे. पुढच्या वर्षी सगळी बाग तू कर. तुझ्या पद्धतीनं कर, मी मध्ये येणार नाही, हवी तेवढी माणसं घे. मी उडी मारून आईला बिलगले. आई त्याला म्हणाली, "थँक यू, बॅरी," आणि माझ्या पाठीवर हात फिरवत राहिली.

त्या संध्याकाळी ज्वारीच्या भाकऱ्या झाल्या. पहिली माझ्या ताटात वाढून आई म्हणाली, "जुई, बॅरीला मी उद्या नाही म्हणून सांगणार आहे."

मी बाबांकडे पाहिलं. ते ताटाकडे बघत होते.

"नानांची बाग मामा काढतोय. मला जायला हवं. माझा हात राहिलाय का तेच मला कळत नव्हतं, आता कळलं." ती तव्याकडे वळली. "एक हंगाम. छाटणीपासून माल निघेपर्यंत. एक हंगाम जाऊन येते."

"बट यू सेड," मी म्हणाले. "यू सेड तुझं इथलं काम झालं!"

"झालंच ना," आई म्हणाली. तिला कळेना मी का रडतेय. मग कळलं, कारण तिनं गॅस बंद केला आणि माझ्या खुर्चीशी जमिनीवर येऊन बसली. पिठाचे हात तिनं बाजूला धरले होते, मला लागू नयेत म्हणून. मला तेव्हा ते पिठाचे हात अंगाला लागायला हवे होते. आपण ज्या फळांना दिवसातून दोनदा बघायला जात होतो ती धरली नसती तर आई राहिली असती, हा हिशेब मी त्या वयात केला आणि तो काही केल्या खोटा ठरेना. अजूनही मी तो कधीकधी करून बघते.

ती गेली. तिनं नानांची बाग वाचवली, नानांनी त्या बागेच्या कडेला खाटेवरच डोळे मिटले, आणि एका हंगामाचे पुढे चार झाले. मधे ती येऊन जायची, पाहुण्यासारखी, बॅग पूर्ण न उघडता. आई-बाबांचं भांडण झालं नाही, काही झालंच नाही. बाबांनी ती गोष्टही थोडा वेळ तशीच सोडली. आता मी तिच्या तेव्हाच्या वयाच्या जवळ आले आहे आणि ती बरोबर होती हे मला मान्य आहे. मान्य असण्यानं फरक पडत नाही. ती गेल्यावर घर कसं झालं ते मात्र लिहायला हवं. बाबा कुकर लावायचे, शिट्ट्या मोजायला विसरायचे. आम्ही टीव्ही लावून जेवायचो. बॅरीचा रेडिओ रात्री अंथरुणातून ऐकू यायचा आणि मला पहिल्यांदाच कळलं की तो बंद का करत नाही.

पुढच्या वसंतात बॅरी विचारायला आला. तुझ्या आईचं ते काम तू करशील का? बाबांनी रजा घेतली, मी शनिवार-रविवार लावले. आईनं फोनवरून सगळं सांगितलं. तिच्याशी मराठीतच बोलायचं अशी तिची अट होती, त्यामुळे मला 'साल', 'चीर', 'पट्टा' हे सगळे शब्द तोंडात घ्यावे लागले, आणि आज मी हे लिहू शकते ते त्या फोनांमुळेच. हळद या वेळी नव्हती, बॅरीनं दुकानातून पांढरी पेस्ट आणली होती. माझा हात तिच्यासारखा चालत नव्हता, पण पट्टे बरे आले. फुलं गेली, फळं धरली.

डिसेंबरच्या एका संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी बागेतच होते. तिच्याकडे ऊन चढलेलं होतं, मागे फवारणीचा ट्रॅक्टर चालू होता, माणसं हाका मारत होती. एवढी माणसं होती तिच्याकडे.

"काय गं, गळ सुरू झाली असेल ना आता? कशी आहेत?"

"पडतायत," मी म्हणाले. हे मी ठरवून म्हणाले नाही. "सगळी पडतायत, आई. काही राहत नाहीये. बॅरी म्हणतो तूच यायला हवं होतंस."

पलीकडचा ट्रॅक्टर लांब गेला, म्हणजे ती चालत बाजूला आली असणार. "सगळी?"

"सगळी. खाली नुसता खच पडलाय."

"बरं. घाबरू नकोस," आई म्हणाली, आणि तिचा आवाज कामाचा झाला. "त्यातलं एक उचल बघू. फळाच्या डोक्यावर ती चार पानांची हिरवी टोपी असते ना, ती फळाबरोबर आलीय की झाडावरच राहिलीय? टोपीसकट पडलं असेल तर झाडानं सोडलंय. टोपी वर राहिली असेल तर किडीचं काम. त्यावर पुढचं ठरेल. उचललंस?"

मी खाली पाहिलं. बॅरीनं सकाळीच गवत कापलं होतं. दोन्ही बाजूंच्या झाडांवर फळं भरगच्च होती, आणि खाली, मी उभी होते तिथून उंच झाडांच्या भिंतीपर्यंत, हिरव्यागार गवतावर काहीच नव्हतं.

"जुई? उचललंस का?"

"थांब ना. बघतेय."

"बघ, बघ. सावकाश बघ," आई म्हणाली. तिच्या मागे कुणीतरी तिला ताई, ताई म्हणून बोलावत होतं. "आले," ती त्यांना म्हणाली, पण गेली नाही, फोनही ठेवला नाही. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मी फोन कानाशी धरून वाकले, आणि एक तरी पडलेलं फळ मिळावं म्हणून ते गवत हातानं चाचपत रांगेच्या टोकाकडे निघाले.